स्वतःच्या घरातली वाक्यं

विलेपार्ले
२२ जून १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

तुझा बाबा लवू काल बस अंधेरीला सोडून घरी डोकावला, तेव्हा निकाल कळला. इंग्रजीत गेलीस. वाईट वाटून घेऊ नकोस असं मी लिहिणार नाही. वाईट वाटायला हवंच, त्याशिवाय ऑक्टोबरला बसायचा जोर येणार नाही. पण खचून जाण्यासारखंही काही नाही.

तुझा प्रिलिमचा पेपर मी पाहिला आहे. तुला शब्द येतात. चुकतात ते त्यांच्या मागून येणारे बारके शब्द : ऑफ, टू, विथ, फॉर. मराठीतला 'ला', 'शी', 'ने' उचलून तू तसाच तिकडे नेतेस. आपण मुलाशी लग्न करतो, इंग्रज मुलाला करतो. का, ते विचारू नये. कोणत्या शब्दाला कोणता जोडीदार, हे पाठ करायचं आणि वापरून अंगवळणी पाडायचं.

तेव्हा असं करू. मी दर खेपेस दहा शब्द देईन. त्यांची दहा वाक्यं करून पोस्टाने पाठव. मी लाल शाईने तपासून परत पाठवीन. गाईडमधली टेबलाखालची मांजर मला नको. स्वतःच्या घरातली वाक्यं कर, म्हणजे लक्षात राहतील.

ऑफिसात गेली वीस वर्षं मी हेच करतो. साहेबांकडे सहीला जाणारा प्रत्येक ड्राफ्ट आधी माझ्या टेबलावर येतो. मजकूर साहेबांचा, ऑफ आणि टू माझे. आजवर एकही चुकीचा टू माझ्या हातून निसटलेला नाही. याचा थोडा गर्व आहे, तो बरा नाही, पण आहे.

पहिले दहा शब्द मागच्या बाजूला लिहिले आहेत.

तुझे
मोठे काका


मुलुंड
२९ जून १९८६

ती. मोठे काकांना नमस्कार,

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबा म्हणाले, "बघ गं, कोर्टाचं समन्स आलं." आई म्हणाली, "आता काकांच्या हातात सापडलीस, सुटका नाही." मी दहा वाक्यं केली आहेत, सगळी घरातलीच. आईच्या सुरमईवर दोन झाली. दुसरं काही सुचेना.

एक सांगायचं म्हणजे, आमच्या घरातून जाणारं प्रत्येक पत्र बाबा आधी वाचतात आणि पाकीट स्वतः चिकटवतात; आलेलं पत्र मात्र ज्याच्या नावाचं त्यालाच न उघडता देतात. इंग्रजीचा कागद नुसता उजेडात धरून बघतात. त्यामुळे माझ्या चुका फक्त तुम्हालाच कळतील.

सुनंदाकाकींना नमस्कार.

सुगंधा

दादा, पोरगी तुझ्या हवाली केलीय. आमका एबीशीडीच्या पलीकडे काय येना नाय. पण माझ्या घरातसून काय जाता ता माका कळाक होया. — लवू


विलेपार्ले
५ जुलै १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

दहापैकी सहा. सुरुवात म्हणून वाईट नाही. आई सुरमई तळण्यात हुशार आहे हे मान्य, पण गुडच्या पुढे इन नाही, ॲट. तुझी काकी म्हणाली, "सुरमई मालनची, आणि मार्क हे कापतायत." मी तिला सांगितलं की मार्क सुरमईचे नाहीत.

पुढच्या शब्दांत थोडे अवघड घेतले आहेत : अडखळणं, लपवणं, आंधळा, घाबरणं, जबाबदार वगैरे. घाई करू नकोस.

मोठे काका


मुलुंड
२० जुलै १९८६

ती. मोठे काकांना नमस्कार,

इकडे सर्व ठीक आहे. बाबा ठीक आहेत, आई ठीक आहे. बाबांची बस आता मुलुंडहून पवईवरून आरे कॉलनीतून गोरेगावला जाते, तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांना घेऊन. संध्याकाळी परत. आरेतला रस्ता झाडांमुळे अंधारा असतो, मध्येच म्हशी आडव्या येतात.

या वेळची वाक्यं लिहायला मला फार वेळ लागला. तुम्हीही सावकाश वाचा.

सुगंधा

वाक्यां एवढी लांब कशाक, ता माका समजला नाय. पण अक्षर झकास हा. शेजारचो नंदकुमार कॉलेजात जाता, त्याका दाखवलंय, तो पण बरा म्हणता. — लवू


विलेपार्ले
२६ जुलै १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

सावकाश वाचली. ऑफिसातून आल्यावर चहा बाजूला ठेवून वाचली. कागद तपासून सोबत परत पाठवत आहे, पण लाल शाईत कारणं मावत नाहीत म्हणून इथे लिहितो.

पहिलं वाक्य, 'डाव्या बाजूला ठेवलेल्या चपलांना बाबा अडखळतात.' चपलांना म्हणून तू टू लिहिलंस. ओव्हर हवं. लवू लहानपणापासून वेंधळा आहे, वाक्य अगदी घरचं झालं.

चौथं, 'तो एका डोळ्याने आंधळा होत चालला आहे.' इथे बाय नाही, इन, आणि तू इनच लिहिलंस. पण हे वाक्य तू गाईडमधून उचललेलं दिसतं. आंधळा माणूस आणि लंगडा भिकारी प्रत्येक गाईडमध्ये बसलेले असतात. आपलं ठरलं होतं ना, स्वतःच्या घरातली वाक्यं? म्हणून एक मार्क कापला आहे. रागावू नकोस.

सातवं, 'तो ही गोष्ट नातेवाइकांपासून लपवतो.' हाइडच्या पुढे फ्रॉम. अगदी बरोबर! आपलं 'पासून' इथे चाललं. शाबास.

आठवं, 'काही झालं तर जबाबदार कोण?' रिस्पॉन्सिबलला फॉर लागतं, ते तू गाळलंस.

नववं, 'मला संध्याकाळच्या बसची भीती वाटते.' अफ्रेड ऑफ. बरोबर. मलाही वाटते, चढायला मिळत नाही.

एकूण सात. प्रगती आहे.

मोठे काका


मुलुंड
१० ऑगस्ट १९८६

ती. मोठे काकांना नमस्कार,

काका, ते वाक्य गाईडमधलं नव्हतं. देवाशप्पथ सांगते. मी सगळी वाक्यं घरातलीच केली होती. तुम्ही तो कागद परत एकदा वाचावा अशी विनंती आहे, म्हणून नव्या कागदाबरोबर तोही पाठवते.

बाकी ठीक.

सुगंधा

दादा, एका मार्कासाठी पोरीन देवाक मधे घातल्यान. मी विचारलंय, "गो, एवढा काय?" तर म्हणता, "इंग्लिशचा आहे, तुम्हाला नाही कळणार." दे बाबा तिचो मार्क परत. — लवू


विलेपार्ले
१७ ऑगस्ट १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

तुझ्या पत्राने मी अस्वस्थ झालो. मुलीवर विनाकारण आळ घेतला की काय, हे दोन दिवस मनात होतं. खरं बोलणाऱ्याला खोटं ठरवणं मला स्वतःला कोणी केलेलं आवडलं नसतं. तेव्हा तुझा मार्क परत करतो. जुन्या कागदावर सातचे आठ करून सही केली आहे.

नवा कागद चांगला आहे. 'माझं कोणी ऐकत नाही.' लिसनच्या पुढे टू राहिला. तो विसरू नकोस, परीक्षेत हटकून येतो. 'तो डॉक्टरांकडे जायला तयार नाही, काम जाईल म्हणून घाबरतो.' दोन्ही शब्द बरोबर. 'कृपा करून आमच्या घरी या.' यात चूक काहीच नाही, पण हे फार सोपं झालं. अशी वाक्यं करून मार्क मिळवायचे नाहीत.

दहापैकी नऊ. आता गणपतीला इकडेच या सगळे. यंदा तुझ्या परीक्षेमुळे गावी जाणं नाही, तर निदान पार्ल्याला तरी.

मोठे काका


विलेपार्ले
१५ सप्टेंबर १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

गणपतीत तुम्ही सगळे आलात, घर भरलं. एका गोष्टीची रुखरुख लागून राहिली आहे, ती लिहून टाकतो. लवूचा पाय समईला लागला आणि तेल सांडलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. "लक्ष कुठे असतं रे तुझं? एवढी समई दिसत नाही?" तो हसला आणि "तुझ्या घरात वस्तूच फार," म्हणाला. तू मात्र माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मला माझीच लाज वाटली. धाकट्या भावाला त्याच्या मुलीसमोर बोलू नये. हे मी डायरीतही लिहिलं आहे.

तुझा नवा कागद का आला नाही? परीक्षा महिन्यावर आली. कंटाळा करू नकोस.

मोठे काका


मुलुंड
५ ऑक्टोबर १९८६

ती. मोठे काकांना,

हे पत्र बाबांनी वाचलेलं नाही. मी आईला सांगून लिहिते आहे.

मंगळवारी संध्याकाळी आरे कॉलनीत बाबांच्या बसने एका सायकलवाल्याला उडवलं. तो डाव्या बाजूने येत होता. त्याचा हात मोडला. बसमधल्या कोणाला काही झालं नाही. बाबा सांगत होते की तो एकदम आला, पण गाडीवरचा क्लीनर म्हणाला, तो लांबून येत होता, घंटीही वाजवत होता.

मग बाबांनी स्वतःच सांगितलं की डाव्या डोळ्याने दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. डावा डोळा जवळपास गेला, उजव्यालाही सुरुवात झाली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने टिकते. त्यांनी विचारलं, "जून-जुलैतच का नाही आलात? डाव्यातली थोडी वाचली असती."

मला मे महिन्यापासून माहीत होतं. बाबा पेल्याच्या बाजूला पाणी ओतत होते. त्यांनी मला आणि आईला शपथ घातली होती, दादाला कळवायचं नाही. मराठीत लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. इंग्रजीतही सगळीकडे 'बाबा' लिहायची हिंमत झाली नाही, कारण ते कधी कधी नंदकुमारला कागद दाखवत.

तुम्ही तपासलेले कागद सोबत पाठवते आहे. ते माझ्याने आता घरात ठेववत नाहीत.

सुगंधा


विलेपार्ले
७ ऑक्टोबर १९८६

प्रिय लवू,

सुगंधाचं पत्र आलं. तिच्यावर रागावण्याआधी हे वाच.

ती मला जुलैपासून सांगत होती. माझ्या समोर, माझ्याच दिलेल्या शब्दांत. तुझा डोळा जातो आहे, तू लपवतो आहेस, तिला त्या बसची भीती वाटते, कोणी तिचं ऐकत नाही, आणि मी यावं. एवढं सगळं तिने लिहिलं आणि मी प्रत्येक ओळीखाली लाल रेघ ओढून तिला सांगितलं की टू राहिला. तुझा डोळा जातो आहे या वाक्याला मी एक मार्क कापला. तिने देवाची शपथ घेतली, तर मार्क परत दिला आणि आपण किती न्यायी आहोत असं मला वाटलं.

कागद मी पुन्हा वाचायला घेतले. वाचताना अजूनही माझी नजर आधी त्या बारक्या शब्दांवरच जाते. कागद बाजूला ठेवून, डोळे मिटून, ती वाक्यं मनात म्हटली, तेव्हा ती मला ऐकू आली. २६ जुलैच्या डायरीत मी लिहिलं आहे, 'सुगंधाची प्रगती समाधानकारक.'

आणि गणपतीत समईला पाय लागला तेव्हा तर कागदही मधे नव्हता. तू माझ्यासमोर उभा होतास.

डॉक्टरांनी जून-जुलै म्हटलं. जूनचं मला माहीत नव्हतं, जुलैचं होतं. त्या माणसाचा हात आणि तुझ्या डोळ्यातला जो भाग वाचला असता तो, हे दोन्ही मी माझ्या नावावर धरतो. तू क्षमा कर असं लिहायला पेन उचलत नाही. पण मुलीला यातून मोकळी कर. तिने तिच्या हातात होतं ते सगळं केलं.

दादा


मुलुंड
१० ऑक्टोबर १९८६

दादा,

तुझी चिठ्ठी वाचलंय. एकाच डोळ्यान वाचूची, म्हणान येळ लागलो.

तू सगळो दोष एकट्यान उचलून नेऊ नको. तुका नेहमीच सगळ्यात पयलो नंबर होयो. कागद तू वाचलंस नाय, पण डोळो माझो होतो. माका दिसत नव्हता ता माका ठावक होता. रोज वाटायचा, आजचो दिवस जाऊ दे. चाळीस माणसां मागे बसलेली असायची आणि मी मान डावीकडे वळवून वळवून गाडी चालवत होतंय.

तुका कित्याक नाय सांगलंय, ता ऐक. तुका कळला असता तर तू मालकाक चिठ्ठी लिवली असतंस. इंग्लिशीत. एक पण चूक नसती. माझो दादा नियमाचो माणूस, भाऊ मागसून. ह्या माझ्या डोक्यात होता.

सायकलवाल्याक बघूक गेलंय. खंडू नाव त्याचा, रंगकाम करता. उजवो हात. तो म्हणालो, "डायवरसाहेब, मी तुमच्याकडेच बघत होतो, वाटलं तुम्ही मला बघितलंत."

मालकान गाडी काढून घेतली. गॅरेजात बघूया म्हणालो.

पोरीचा काय सांगू. माझ्या डोळ्यासमोर तिन घरातली गोष्ट पाकिटात घातल्यान, आणि मी माझ्याच जिभेन ता पाकीट चिकटवलंय. तिच्याशी बोलूक तोंड उघडणा नाय. राग आसा की लाज, ता माकाच कळणा नाय.

लवू


मुलुंड
१३ ऑक्टोबर १९८६

ती. मोठे काकांना नमस्कार,

इंग्रजीचा पेपर झाला. बारक्या शब्दांचा प्रश्न सोपा होता, सगळे लिहिले. लिसनपुढचा टू होता.

आता परीक्षा संपली, वाक्यं पाठवायचं कारण उरलेलं नाही. तरी पाठवते आहे. काही गोष्टी मराठीत लिहायला बसलं की रडू येतं. इंग्रजीत पुढे कोणता शब्द लागतो याचा विचार करावा लागतो, तेवढ्यात ते थांबतं.

हे पाकीट आईने चिकटवलं. बाबांनी वाचायला मागितलं नाही.

सुगंधा


विलेपार्ले
१६ ऑक्टोबर १९८६

चि. सुगंधास आशीर्वाद,

कागद मिळाला. लाल पेन ऑफिसात ठेवून आलो होतो. आधी सगळा वाचला, मग काकीला मराठीत सांगितला. सांगताना एक ओळ पुरी होईना, ती तिनेच पुरी केली.

आता उत्तरं देतो. ती जुलैत द्यायला हवी होती.

'बाबा माझ्याशी बोलत नाहीत.' लवूने मला लिहिलं आहे की त्याला राग आहे की लाज आहे हेच कळत नाही. मी त्याला ओळखतो. राग असता तर तो ओरडला असता. लाज आहे. ती उतरायला वेळ लागतो, माझीही अजून उतरलेली नाही.

'मी त्या रंगाऱ्याबद्दल सारखा विचार करते.' मीही. त्याच्याकडे मी जाणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तुला यायचं असेल तर बरोबर ये, नसेल तर येऊ नकोस.

'काकांना कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?' लवू म्हणतो, मी मालकाला पत्र लिहिलं असतं. मी यावर बराच विचार केला. खोटं सांगण्यात अर्थ नाही. लिहिलं असतं. चाळीस माणसं त्या बसमध्ये होती, लिहायलाच हवं होतं. पण माझ्या भावाला जर असं वाटत असेल की मी आधी पत्र लिहीन आणि मग घरी येईन, तर तसं वाटायला मी कधीतरी कारण दिलं असणार. तो वेंधळा आहे म्हणून त्याला तसं वाटलेलं नाही.

'मी बरोबर केलं की नाही, याची मला खात्री नाही.' तू बरोबर केलंस. हे वाक्य मी काकीसमोर मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि मगच लिहिलं.

'मला पुन्हा कधी कोणाला काही सांगायचं धाडस होणार नाही.' ते धाडस तुझ्याकडून मी काढून घेतलं आहे, आणि पत्राने परत देता येण्यासारखं नाही.

कागदावर तीन चुका आहेत. कुठे, ते नंतर कधीतरी सांगेन. नाहीच सांगितल्या तरी काही बिघडत नाही.

ऑगस्टमध्ये तू लिहिलं होतंस, आमच्या घरी या, आणि मी ते फार सोपं झालं म्हणून तुला टोकलं होतं. रविवारी सकाळी मी आणि काकी येतो आहोत. लवूला सांगू नकोस, नाहीतर तो मालनला सुरमई आणायला पिटाळील आणि स्वतः कुठेतरी निघून जाईल.

तुझ्या शेवटच्या वाक्यात आहे, की आता घरातलं कोणी दाराच्या डाव्या बाजूला चपला काढत नाही, पण पाहुणे विसरतात. मी विसरणार नाही.

मोठे काका